रुईचा चीक आणि दशरथभाऊंचा डोळा

अंगावर पुरळ उठलं की माणूस आधी खोटं बोलतो, हा माझ्या धंद्यातला पहिला धडा. "मी कशालाच हात लावला नाही," असं व्हिलातली बाई म्हणते आणि "कुछ नहीं हुआ, मॅडम," असं कामगार म्हणतो. बाईला वाटतं, एवढ्या हौसेने लावलेली बाग उपटायला लागेल. कामगाराला वाटतं, आजची हजेरी बुडेल. दोघांचेही हात पाठीमागे असतात. म्हणून मी बोलणं नंतर, आधी हात पुढे करायला सांगायचे.

दुबईतल्या एका लँडस्केपिंग कंपनीत मी सेफ्टी ऑफिसर होते, यंदा निवृत्त झाले. अजमानच्या फ्लॅटमधून भल्या पहाटे कंपनीच्या पिकअपमधून निघायचं आणि दिवसभर उन्हात माणसांच्या मागे "गॉगल घाला, बाह्या खाली करा" म्हणत फिरायचं, हे माझं काम. माझा स्वभाव मुळात तापट, तो या कामात कारणी लागला. शेतकी कॉलेजातून मी इथे कशी आले, कोणत्या पदावरून कोणत्या पदावर गेले, ते सोडून देते. त्यात सांगण्यासारखं काही नाही.

वाळवंटात कसली झाडं, असं नातेवाईक विचारतात. इथे नळीने थेंब थेंब पाणी देऊन वाटेल ते जगवतात. कण्हेर, बोगनवेल, चाफा, शोभेचे निवडुंग, सगळं आहे. यातल्या कित्येक झाडांच्या अंगात चीक असतो. झाडाला स्वतःला वाचवायचं असतं, पळता तर येत नाही, म्हणून ते चिकाने लढतं. कुणाचा चीक नुसता खाजवतो, कुणाचा भाजल्यासारखे फोड आणतो आणि कुणाचा काहीच करत नाही असं वाटतं. हा शेवटचा प्रकार सगळ्यात वाईट.

दुबईच्या सिलिकॉन ओएसिस वस्तीतल्या एका मराठी घरातून एकदा फोन आला. मुलीच्या दोन्ही हातांवर आणि हनुवटीवर फोड आले होते. बाल्कनीत एका सुंदर कुंडीत शेर लावला होता, आपल्याकडे शेताच्या बांधावर कुंपणाला असतो तोच. टोकांना नारिंगी रंगाची झाक असलेली त्याची जात इथे शोभेचं झाड म्हणून विकतात.

"नर्सरीवाला म्हणाला, एकदम लो मेन्टेनन्स आहे," मुलीची आई म्हणाली. "पाणीसुद्धा फारसं लागत नाही."

"काय केलंस गं याचं?" मी मुलीला विचारलं.

"आय जस्ट ब्रोक इट, आंटी. इट मेक्स मिल्क."

आईने पुरळावर हळद आणि खोबरेल तेल चोळलं होतं. मी कपाळाला हात लावला. चीक लागला की चोळायचं नाही, तेल लावायचं नाही, लिंबू तर मुळीच नाही. वाहत्या पाण्याखाली साबणाने सावकाश धुवायचं, अंगावरचे कपडे काढून वेगळे धुवायचे, थंड ओलं फडकं ठेवायचं. चेहरा, डोळा किंवा मोठे फोड असतील तर डॉक्टर. एवढंच शास्त्र आहे, पण आपल्या लोकांना काहीतरी चोळल्याशिवाय चैन पडत नाही. गुरं ज्याला तोंड लावत नाहीत ते झाड आपण पोरांच्या खोलीबाहेर ठेवतो, याचा मला राग आला आणि तो मी बोलूनही दाखवला. त्या बाईंनी पुन्हा मला फोन केला नाही. मुलीचे हात मात्र बरे झाले.

दुसरी एक अमेरिकन बाई होती. तिच्या व्हिलाच्या मागच्या कुंपणाशी तीन-तीन पानांचं एक रोप उगवलं होतं आणि तिची बोटं व ओठ सुजून पुरळले होते. तिच्या देशात पॉयझन आयव्ही नावाची एक वेल आहे, तिलाही तीनच पानं. तिच्या तेलाचा नुसता स्पर्श झाला तरी अंगावर फोड येतात. ते तेल कपड्यांना, हत्यारांना, कुत्र्याच्या केसांनाही चिकटून राहतं. वेल जाळली तर धूर छातीत जातो. लहानपणापासून तिला त्या तीन पानांची धास्ती होती. घरातल्या कुणाला ती मागच्या दारी जाऊ देत नव्हती.

मी रोप पाहिलं आणि हात जोडले. ते बेलाचं होतं. आधीच्या भाडेकरूने महादेवासाठी लावलं असणार.

मग मी विचारलं, आंबे खाल्लेत का? शेजारच्या गुजराती कुटुंबाने तिला हापूसची पेटी दिली होती आणि ती सालासकट चोखून खात होती. आंबा, काजू, बिब्बा आणि ती पॉयझन आयव्ही, ही सगळी एकाच भावकीतली. आमच्याकडे मे महिन्यात आंब्याच्या चिकाने पोरांची तोंडं उततात, त्याचं कुणाला नवल नसतं. तिला एकदा त्या वेलीची बाधा झालेली, त्यामुळे तिचं अंग त्या भावकीतल्या सगळ्यांनाच ओळखत होतं. डॉक्टरनेही पुढे तेच सांगितलं. तिने आंबा सोडला नाही. दुसऱ्याकडून सोलून घेते आणि काट्याने खाते, असं मला नंतर कळलं.

अशा गोष्टी मी पाहुण्यांना हसत सांगते. दशरथभाऊंची सांगत नाही. आज लिहून काढते आहे.

दशरथ गुरव आमच्याकडे पाण्याचा टँकर चालवायचे. रत्नागिरीकडचे, माझ्याहून वयाने मोठे, तरी मला ताई म्हणायचे. गावात मारुतीची पूजा त्यांच्या घराण्याकडे. इथे लेबर कॅम्पमधल्या खोलीत त्यांनी फळीवर मारुतीची तसबीर ठेवली होती आणि दर शनिवारी ते तिला रुईच्या पानांची माळ घालायचे. कॅम्पातली आपली सगळी माणसं त्या खोलीत येऊन पाया पडून जात. बायको-मुलं गावी, दिवसभर रेती आणि सिमेंट. आठवड्यातली ती पाच मिनिटं त्यांची स्वतःची होती. रुईला इथे तोटा नाही. स्थानिक लोक तिला अशखर म्हणतात. कुणी न लावता, पाणी न देता रिकाम्या जागेवर माणसाच्या उंचीची होते.

शहराच्या कडेला एका नव्या शाळेच्या मागे असं रुईचं रान माजलं होतं. पोरं फुलं तोडायला जायची, म्हणून ते साफ करायचं काम आम्हाला मिळालं. शाळा हिवाळ्याच्या सुटीत होती.

रुई काढायची पद्धत वेगळी असते. दोरीने गवत कापायचं मशीन तिथे चालवायचं नाही, ते चिकाचे शिंतोडे चौफेर उडवतं. आधी टँकरने बुंध्याशी पाणी सोडायचं, जमीन मऊ करायची. मग खणून मूळ शक्य तेवढं अख्खं काढायचं; तुटून राहिलं तर पुन्हा फुटतं. वारा पाठीवर घ्यायचा. झाड आडवं घालून लांब दांड्याच्या कात्रीने, चेहऱ्यापासून दूर धरून तुकडे करायचे आणि जाड पिशवीत भरून तोंड बांधायचं. जाळायचं नाही. शेवटी हत्यारं साबणाने धुवायची, मग हात. अंगभर कपडे, हातमोजे आणि गॉगल या सगळ्याच्या आधी.

सकाळच्या टूलबॉक्स टॉकमध्ये, म्हणजे काम सुरू करण्यापूर्वी आम्ही माणसांना उभं करून धोके समजावतो तेव्हा, मी हे सगळं हिंदीतून सांगितलं. "ये जहर है," असंही म्हणाले. मागे उभे असलेले दशरथभाऊ पुढे आले.

"ताई, जहर नका म्हणू. मारुतीचं झाड आहे."

"मारुतीचं असू दे, भाऊ. डोळ्यात गेलं तर मारुती गॉगल घेऊन येणार नाही."

माणसं हसली. तेही हसले. आमची अशी थट्टा नेहमीच चालायची. त्यांनी खिशातून हळदीकुंकवाची पुडी काढली, पहिल्या झाडाच्या बुंध्याला बोट लावलं, नमस्कार केला आणि टँकरकडे गेले. ते पाणी सोडणार, खणणारे दुसरे. चिकाशी त्यांचा संबंधच येणार नव्हता, म्हणून माझं लक्ष खणणाऱ्यांवर होतं. संध्याकाळपर्यंत प्लॉट मोकळा झाला, कुणाच्या अंगावर साधा ओरखडा नाही. मी खुशीत घरी गेले.

पुढच्या आठवड्यात दशरथभाऊंनी टँकर यार्डाच्या कठड्यावर घातला. नुकसान फार नव्हतं, पण हा माणूस डोळे मिटूनही टँकर लावील अशी त्यांची ख्याती. मी टँकरच्या खिडकीशी गेले. ते मान एका बाजूला कलती धरून माझ्याकडे बघत होते.

"भाऊ, उजवा डोळा दाखवा."

"काय नाय झालं, ताई."

"दाखवा म्हणते ना!"

डोळा लाल होता आणि बुबुळावर दुधाळ साय आली होती. मी त्यांना खाली उतरवलं आणि ऑफिसात नेऊन बसवलं.

"कधीपासून?"

"त्या प्लॉटच्या दुसऱ्या दिवसापासून. वाफ धरल्यासारखं दिसायला लागलं. पण दुखत नव्हतं, ताई. दुखलं असतं तर आलो नसतो का तुमच्याकडं? आता दोन दिवस दुखतंय."

झाडं उपटली जाण्याआधी शनिवारसाठी चांगली पानं काढून घ्यावीत, म्हणून ते टँकरवरून उतरले होते. गावी पानं सकाळी शांतपणे खुडून पाण्यात टाकतात, चीक निथळून जातो. इथे फोरमन मागे "यल्ला, यल्ला" करत घाई लावत होता. त्यांनी फांदी वाकवून पानं ओढून तोडली आणि चीक थेट डोळ्यात उडाला. गमछ्याने पुसला. खोलीतल्या एकाने गुलाबपाणी दिलं, ते रोज घालत होते आणि धूसर दिसलं की गमछ्याने चोळत होते.

"आणि गॉगल? हातमोजे?" माझा आवाज चढला. "टँकरमध्ये ठेवलेले असतात ना? मी काय भिंतीशी बोलते का रोज?"

 ते खाली बघत म्हणाले, "मोजे चामड्याचे आहेत, ताई. देवाची पानं चामड्यानं कशी तोडू? आणि मोजे काढले तसा गॉगलपण काढला. पूजेचं काम ते. कंपनीचं नव्हतं."

 माझी आई देवघराच्या उंबऱ्यात चामड्याची पर्स ठेवू द्यायची नाही. घड्याळाचा पट्टासुद्धा काढून ठेवायला लावायची. त्याच घरात मी वाढले होते. सेफ्टीचे कोर्स करताना खजुराच्या काट्यांना चामड्याचेच मोजे बरे, हे मी पाठ केलं होतं. पण शनिवारच्या पानांचा विचार त्या कोर्सात कोण करणार?

"उठा, डॉक्टरकडे जायचंय."

"शनिवारपर्यंत थांबा, ताई. मी बोललोय मारुतीला. त्याचं झाड उपटायला मी पाणी सोडलं. शनिवारी माळ घालून माफी मागतो, मग कुठं म्हणाल तिथं येतो. तोवर औषध नाय."

"देवाचा कोपच व्हायचा तर खणणाऱ्यांवर झाला असता. फोरमनवर झाला असता."

"त्यांना ठाऊक नव्हतं," दशरथभाऊ म्हणाले. "मला ठाऊक होतं."

 मला त्यांचा भयंकर राग आला होता आणि तितकीच कीव. टँकरशिवाय या माणसाला दुसरं काम येत नव्हतं. डोळा गेला तर जड वाहनाचं लायसन्स गेलं, लायसन्स गेलं की व्हिसा, हे आम्हा दोघांना ठाऊक होतं. तरी ते खुर्चीत शांत बसून होते.

शेवटी मी म्हणाले, "कॅम्पात माळ ओवणारं दुसरं कुणी आहे?"

"नाय."

"मग तुम्हाला दिसेनासं झालं तर कोण ओवणार? तुम्ही माफी मागाल आणि मारुती बिनमाळेचा राहील. ते चालेल का त्याला?"

त्यांनी एका डोळ्याने माझ्याकडे बघितलं. मग उठले.

डोळ्यांच्या डॉक्टर केरळच्या होत्या. त्यांनी तपासलं आणि दशरथभाऊंऐवजी माझ्यावरच ओरडल्या, "इतने दिन क्या कर रहे थे आप लोग?" मग नीट समजावलं. रुईच्या चिकाने बुबुळाच्या काचेला आतून सूज येते, तिच्यात पाणी भरतं, म्हणून वाफ धरल्यासारखं दिसतं. चीक त्या जागेची संवेदनाच मारतो, म्हणून दुखत नाही. तेव्हाच स्वच्छ पाण्याने बराच वेळ डोळा धुतला असता आणि लगेच औषध घातलं असतं तर बहुतेक पूर्ण बरं झालं असतं. आता चोळून चोळून जखम झाली होती आणि त्या जखमेत जंतू गेले होते.

उपचार बरेच दिवस चालले. त्यांच्या खोलीतली माणसं पाळ्या लावून तासातासाला थेंब घालायची. मी रोज जाऊन बघायचे. सूज उतरली, लाली गेली, दुखणं थांबलं. आणि जखमेच्या जागी, बरोबर मधोमध, फूल पडलं. पांढरा, तांदळाच्या कणीएवढा डाग. बुबुळ बदलायचं ऑपरेशन होऊ शकतं, डॉक्टर म्हणाल्या, पण कधी आणि कितपत, ते सांगता येत नाही. दशरथभाऊ म्हणाले, "इन्शाल्ला." इथे राहून सगळ्यांनाच ती सवय लागते.

लायसन्सच्या नजरतपासणीला मी त्यांच्याबरोबर गेले. डाव्या डोळ्याने त्यांनी तक्ता खालपर्यंत धडाधड वाचला. डावा झाकायला सांगितल्यावर थांबले. थोड्या वेळाने बाहेर आले आणि म्हणाले, "खलास, ताई." टँकरची किल्ली त्यांनी सकाळीच यार्डात जमा करून ठेवली होती. ते रडले नाहीत. मी पिकअपमध्ये बसून रडले आणि ते मला पाण्याची बाटली देत राहिले.

त्यांना परत पाठवायचं मॅनेजमेंटने ठरवलं होतं. मी मुदीरच्या, म्हणजे मोठ्या साहेबांच्या, केबिनमध्ये जाऊन भांडले, माझा सगळा तापटपणा त्या दिवशी वापरला. त्यांना आमच्या नर्सरीत रोपांवर काम मिळालं. चामड्याच्या जोडीला रबरी मोजेही घ्यायला लावले. खरेदी विभागातल्या मुलाने विचारलं, "मॅडम, रीझन क्या लिखूँ?" मी म्हणाले, "लिख, मारुती." त्याने काय लिहिलं ते मला माहीत नाही, पण मोजे आले.

निवृत्तीच्या आधी माझा शेवटचा टूलबॉक्स टॉक होता. पुन्हा एक रुईचा प्लॉट, नवी माणसं. आपली, बिहारची, बांगलादेशची. मला वाटलं, मी बोलून काय होणार आहे? इतकी वर्षं बोललेच की. मी दशरथभाऊंना विचारलं, तुम्ही बोलाल का? ते आधी नको म्हणाले. मग आदल्या दिवशी स्वतःच येऊन म्हणाले, "बोलतो. पण हिंदी माझी वाईट आहे."

ते माणसांसमोर उभे राहिले. झाडाला जहर म्हणाले नाहीत.

"ये हमारे भगवान का पेड है," ते म्हणाले. "मैं भी पूजा करता है. लेकिन इसका दूध आँख में गया, तो दर्द नहीं हुआ. दर्द होता तो मैं चिल्लाता, ताई के पास भागता. दर्द नहीं हुआ, इसलिए गया. समझा?"

 मागच्या रांगेतले काहीजण गॉगल कपाळावर चढवून उभे होते. दशरथभाऊंनी डाव्या डोळ्यावर तळहात दाबून धरला.

"अब मैं खाली इस आँख से देखता है. पीछे से कोई भी एक आदमी हात ऊपर करो. उँगली दिखाओ. कितना है, मैं बोलता है."

माणसांनी एकमेकांकडे पाहिलं. एखाद्याचं दुबळेपण असं चारचौघांत मोजायचं कसं, असं त्यांना वाटलं असावं. सगळे हात खाली तसेच राहिले. मीही उचलला नाही. दशरथभाऊ मान कलती करून, पापणी ताणून, गर्दीच्या मागे कुठेतरी एका जागी मन लावून बघत होते.

"दो," ते म्हणाले. "दो है ना?"

कुणीच हात वर केला नव्हता.